फिनाले मॅच रायफल पेलेट : 4.49, 4.50 की 4.51?

निकाल आधीच सांगून टाकते, घाईतल्या लोकांची सोय. आमच्या वॉल्थर एलजी 400 एअर रायफलीला एच अँड एनची ‘फिनाले मॅच रायफल’ ही पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, 4.50 हेडची मानवली. हेड म्हणजे पेलेटचं पुढचं डोकं, आकडा त्याच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. 4.51 तिच्या अगदी पाठोपाठ. 4.49 आमच्या बॅरलला चालत नाही. तुमच्याकडे अगदी हीच रायफल असली तरी तुमचं उत्तर उलटं येऊ शकतं, म्हणून पुढचं सगळं लिहितेय.

मी रबाळे एमआयडीसीत व्हॉल्व्हच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. मायक्रॉनवरून भांडायचाच पगार मिळतो. लेक दहा मीटर एअर रायफल खेळते. तिच्या रायफलीत काय घालायचं ते ‘अमुक चॅम्पियन हीच वापरतो’ एवढ्यावर ठरवणं मला पटेना. चॅम्पियनची बॅरल काही आमच्याकडे नाही.

आधी माल बघू. एच अँड एन ही जर्मनीतली 1825 सालची कंपनी. फिनाले मॅच रायफल म्हणजे शिशाची, सपाट तोंडाची, 0.53 ग्रॅमची पेलेट. तोंड सपाट असल्यामुळे कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं, मोजायला सोपं. डब्यात 500 नग. डब्यावरच्या लेबलवर हेडचा व्यास आणि लॉट नंबर, म्हणजे माल कुठल्या खेपेत बनला तो आकडा, असतो, आणि खरेदी करताना बघायच्या त्या याच दोन गोष्टी. किंमत क्लबमध्ये सरावाला मिळणाऱ्या साध्या पेलेटच्या जवळजवळ तिप्पट पडते. तिन्ही हेडची किंमत मात्र एकच, त्यामुळे चुकीचं हेड घेऊन पैसा काही वाचत नाही.

आता हेडमधल्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने काय बिघडतं? पेलेटला पुढे हेड, मध्ये बारीक कंबर आणि मागे पोकळ स्कर्ट असतो. हवेचा दाब आला की स्कर्ट फुगून बॅरलला घट्ट बसतो आणि हवा अडवतो. पेलेट सरळ चालते की नाही ते हेड सांभाळतं. ते सैल पडलं तर पेलेट किंचित तिरकी निघते, फार जाड झालं तर घासत जाते. बॅरल-बॅरलमध्येही तेवढाच बारीक फरक असतो, त्यामुळे गाठ जुळते की नाही हे गोळी मारल्याशिवाय कळत नाही.

मुरबाडच्या मामांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची, असं तिचं चाललेलं असतं. मामांना हे हेड-बिड सांगितलं तर म्हणाले, “बाय, दारू कमी-जास्त करून बघ की.” त्यांचं बरोबरच आहे. ठासणीच्या रायफलीत अचूकता शोधणारे लोक तेच करतात. काळी दारू, म्हणजे 75 भाग सोरा, 15 कोळसा, 10 गंधक, ती पाच-पाच ग्रेनने (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) वाढवत न्यायची, गोळी आणि तिच्याभोवतीची चिंधी तीच ठेवायची, प्रत्येक बार उडवल्यावर नळी पुसायची आणि कुठल्या मापाला भोकं जवळजवळ पडतात ते बघायचं. मग माप तेच ठेवून चिंधीची जाडी बदलायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मला माझ्या कारखान्यातून पाठ आहे. आमच्या एअर रायफलीत मात्र हवेचा दाब रेग्युलेटरने बांधलेला, वेग सेकंदाला 170 मीटरच्या आसपास ठरलेला. बदलायला उरतं ते हेड आणि लॉट.

चाचणी ठाणे पश्चिमेच्या एका रेंजवर केली. व्यायामशाळेच्या वरचा मजला, चार लेन, आणि कोपऱ्यात रायफल आवळायचा शिकंजा. ऐरोलीहून कोपरीमार्गे जायला रविवारी सकाळी काही वाटत नाही, परत येताना वाटतं. शिकंजा वापरायला वेगळे पैसे घेतात, पण तिथला मुलगा काम जाणतो. “काकू, आधी दोन-तीन ग्रुप मोजू नका, बॅरलला नवीन पेलेटची सवय होऊ दे,” हे त्यानेच सांगितलं. ग्रुप म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका. पेलेट बदलली की आधीच्या शिशाचा थर जाऊन नवा बसेपर्यंत ग्रुप पसरतो. हा सल्ला ऐकला नसता तर जी पेलेट आधी मारली तिच्यावर अन्याय झाला असता.

ग्रुप दहा-दहाचे घेतले. रेंजवर सगळे पाचचे घेतात, रायफलीसोबत येणारं फॅक्टरीचं चाचणीचं कार्डही पुष्कळदा पाचाचंच असतं, पण पाच गोळ्या योगायोगानेही एका भोकात जातात. मला असा एक ग्रुप 4.49 चा मिळाला होता, बघणाऱ्याने तिथेच पाच डबे घेतले असते. पुढच्या पाच गोळ्यांनी त्याची सगळी शान घालवली. दुसरी गोष्ट, एका हेडचे सगळे ग्रुप आधी आणि दुसऱ्याचे नंतर असं केलं नाही. आलटून पालटून मारले, म्हणजे एसी, सिलिंडरचा दाब, शिकंजा ढिला होणं, जे काही व्हायचं ते तिघांच्या वाट्याला सारखं यावं.

मोजायची रीत सोपी आहे. ग्रुपच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियर लावायचा आणि त्यातून 4.5 वजा करायचे, म्हणजे केंद्रापासून केंद्राचं अंतर मिळतं. पावसाळ्यात मात्र हा सगळा खेळ बिघडतो. ठाण्याच्या जुलैत कार्ड इतकं दमट होतं की भोक पडताना कागद फाटतो, कडेला तंतू लोंबतात आणि व्हर्नियर नेमका कुठे टेकवायचा तेच कळत नाही. कार्डं सिलिका जेलच्या पुड्या घालून पापडाच्या डब्यात ठेवली आणि एकेक बाहेर काढून लावली, तेव्हा कुठे कडा स्वच्छ आल्या. काळी दारूवाल्यांचं दमटपण याहून वाईट, त्यांची नळीतली काजळीच ओल धरते.

आकडे असे. 4.50 चे ग्रुप एक मिलिमीटरच्या आत-बाहेर राहिले. 4.51 त्याहून किंचित मोठे, पण गोल आणि शांत. 4.49 मध्ये सात-आठ गोळ्या छान एकत्र आणि एक-दोन भलतीकडे, अडीच मिलिमीटरपर्यंत. सरासरी काढली तर 4.49 फार वाईट दिसत नाही, आणि तिथेच लोक फसतात. मॅचमध्ये सरासरी गोळी मारत नाही, भरकटलेली एकच गोळी मारते.

कारण गुणांचा हिशोब बघा. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. 2013 पासून पात्रता फेरीतही दशांशात गुण धरतात. आता 60 गोळ्या, एका गोळीला जास्तीत जास्त 10.9, म्हणजे कमाल 654. पाव मिलिमीटर केंद्र हललं की एक दशांश गेला. एक मिलिमीटरचा ग्रुप म्हणजे पेलेटने स्वतःहून फार तर 10.8 पर्यंत खाली आणलं. अडीचचा ग्रुप म्हणजे 10.5. बीजिंगला 2008 मध्ये अभिनव बिंद्राची शेवटची गोळी 10.8 होती, म्हणजे केंद्रापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत. आमची लेक काही तिथे पोहोचलेली नाही, पण जिल्ह्याच्या यादीतही दोन मुलींमध्ये अर्ध्या गुणाचंच अंतर असतं.

मग शिकंजा सोडून खांद्यावरून. तीन हळदीकुंकवाच्या डब्यांत तीन हेड भरली, कशात काय ते फक्त मला माहीत. 4.49 ची डबी लेकीने ओळखली, “आई, हिच्यात काहीतरी गडबड आहे.” 4.50 आणि 4.51 मध्ये मात्र तिला काडीचा फरक कळला नाही, आणि कार्डावरही दिसला नाही. तिचा स्वतःचा थरथराट त्या दोघींतल्या फरकापेक्षा मोठा आहे. म्हणजे दुकानात 4.50 संपली असेल तर 4.51 घेऊन निवांत घरी यावं, महिनाभर वाट बघत बसायची गरज नाही. हे शिकंज्यावरून कळलं नसतं.

वजनंही बघितली. आमच्या लॅबचा मिलिग्रॅम दाखवणारा काटा साहेबांना विचारून जेवणाच्या सुट्टीत वापरला. पेलेटी काही मिलिग्रॅमच्या फरकात एकसारख्या निघाल्या. निवडून वेगळ्या काढण्यासारखं काही नव्हतं. वजन करत बसणाऱ्या पालकांनी तो वेळ मुलांना झोपू द्यावा.

स्कर्ट मात्र जरूर तपासा. ऑनलाइन मागवलेला एक डबा कुरिअरमधून आपटत आला. काचेवर पेलेट आडवी ठेवून टिचकीने घरंगळवली की चांगली पेलेट वळणावर सुरळीत फिरते, चेपलेली लंगडत जाते. भिंगाखाली बघितलं तर स्कर्टची कड एका बाजूने आत दबलेली. वरच्या थरातल्याच अशा होत्या, खालच्या ठीक. विक्रेत्याने बदलून द्यायला नकार दिला. त्या पेलेटी आता सरावात उभं राहायची सवय करायला जातात.

दुकानांचं म्हणाल तर एका दुकानदाराने “ताई, सगळ्या सारख्याच असतात हो” म्हणत न विचारता 4.49 काउंटरवर ठेवली. हेड आणि लॉट विचारल्यावर ज्याला राग येतो त्याच्याकडे घेऊ नका. दुसऱ्याने शांतपणे तिन्ही हेडचा एकेक डबा दिला आणि वर म्हणाला, जी लागेल त्या लॉटचे बाकीचे डबे आठवडाभर बाजूला ठेवतो. मोठी खरेदी अर्थात त्याच्याकडे झाली.

लॉटचं महत्त्व हेडइतकंच. त्याच 4.50 चा वेगळ्या लॉटचा डबा मारून बघितला, ग्रुप किंचित पसरला. वाईट नाही, पण पहिल्यासारखा नाही. म्हणून आवडलेला लॉट मिळतोय तोवर हंगामाचा साठा एकदम करावा आणि कपाटात कोरड्या जागी ठेवावा. दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते, तशी पेलेट मॅचला नको. आणि बोटं करडी होतात ती शिशानेच. रेंजच्या खालच्या गाडीवर त्याच हातांनी वडापाव खाणारी मुलं रोज दिसतात. आधी साबणाने हात धुवा.

साध्या पेलेटवर शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी फिनाले मॅच घेऊ नका, तो पैसा नेमबाजीच्या जॅकेटला लावा. ज्यांचे गुण 610 च्या पुढे जाऊन अडकलेत त्यांनी तिन्ही हेडचे तीन डबे घ्यावेत, शिकंजा भाड्याने घ्यावा आणि पावसाळा टाळून नोव्हेंबरात चाचणी करावी. आमचा पुढचा लॉट मी तेव्हाच तपासणार आहे.