दहा महिने ऑनलाइन पोकर: तीन पत्तीच्या सवयी मोडायला लागलेले 3,620 रुपये

आधी हिशोब. सीएच्या ऑफिसात पंधरा वर्षं काढल्यावर दुसरीकडून सुरुवात करताच येत नाही. नोव्हेंबर 2024 ते ऑगस्ट 2025 या काळात अ‍ॅपमध्ये भरले 5,500 रुपये, बँकेत परत आले 1,880. गेले 3,620. हात खेळले साधारण तेरा हजार. टेबल कायम सगळ्यात खालचं, एक-दोन रुपयांच्या ब्लाइंडचं. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. पैशांची टेबलं आता सगळ्यांचीच बंद झालीत, त्यामुळे नावाने फरकही पडत नाही.

माझं माहेर गुहागरच्या बाजूला. गणपतीत रात्री पडवीत पत्ते बसतात, त्यात मी तीन पत्ती लहानपणापासून खेळत आले. म्हणून वाटलं, पोकर म्हणजे त्याचाच मोठा भाऊ असणार. ही समजूत मला सगळ्यात महाग पडली.

पहिल्याच दिवशी स्क्रीनवर आलं, ‘तुमचा ब्लाइंड’, आणि दोन रुपये गेले. मी म्हटलं, मी पानं न बघता खेळते असं कधी सांगितलं? आपल्याकडे ब्लाइंड म्हणजे पानं न उचलता चाल करणं. पोकरमध्ये डीलरच्या बटणाच्या डावीकडच्या दोघांनी पानं वाटायच्या आधीच भरायची ती सक्तीची रक्कम: पहिल्याचा एक रुपया, दुसऱ्याचे दोन. बटण दर हाताला पुढे सरकतं, त्यामुळे प्रत्येकाची पाळी येते. तीन पत्तीतला बूट, म्हणजे डावाआधी भरायची रक्कम, सगळे भरतात, इथे दोघंच.

दुसरा धडा तिसऱ्या दिवशी मिळाला. होल्डेममध्ये, म्हणजे मी खेळायची त्या पोकरच्या प्रकारात, हातात दोन पानं, मध्ये उघडी पाच, त्या सातातून सगळ्यात चांगली पाच निवडायची. माझ्याकडे अठ्ठी आणि नव्वी. मध्ये दश्शी, गुलाम, राणी अशी आली, म्हणजे पाचांचा सिक्वेन्स तयार. मधल्या पानांत तीन बदाम होते, पण मी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कलर, म्हणजे सगळी एकाच रंगाची पानं, असला तरी सिक्वेन्सपुढे काय टिकणार? होते नव्हते ते 190 रुपये पुढे सारले. समोरच्याने बदामचा एक्का आणि बदामची चव्वी उघडली आणि पॉट, म्हणजे मध्ये जमलेले सगळे पैसे, त्याच्याकडे गेला. मी चक्क ग्राहक सेवेला तक्रार लिहिली, की तुमच्या अ‍ॅपमध्ये चूक आहे. त्यांनी नम्रपणे हातांच्या क्रमाचा तक्ता पाठवला.

तो तक्ता तीन पत्तीच्या उलटा का, हे मी नंतर कागदावर मांडून बघितलं. तीन पानांचे एकूण 22,100 हात होतात. त्यात नुसते सिक्वेन्स 720 आणि नुसते कलर 1,096. सिक्वेन्स दुर्मिळ, म्हणून तो वर. पाच पानांचे हात 25,98,960. त्यात स्ट्रेट (म्हणजे सिक्वेन्स) 10,200 आणि फ्लश (म्हणजे कलर) 5,108. इथे फ्लश दुर्मिळ, म्हणून फ्लश वर. तीन पत्तीतून येणाऱ्या प्रत्येकाने एवढं आधी पाठ करावं. माझे 190 रुपये यातच गेले.

पहिल्या तीन महिन्यांत मी 4,000 भरले आणि जवळजवळ सगळे घालवले. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. किती टक्के हातांत तुम्ही आपणहून पैसे टाकलेत, हा आकडा अ‍ॅप प्रोफाइलमध्येच दाखवतं. माझा होता 62. म्हणजे शंभरातले बासष्ट हात मला खेळण्यासारखे वाटत होते! राजा आणि सत्ती, वेगवेगळ्या रंगांचे, तरी ‘राजा आहे ना’ म्हणून आत. राजाची जोडी लागायची, आणि समोरच्याकडे राजा-एक्का असायचा. बक्षीस म्हणून मला दुसरा नंबर.

फेब्रुवारीत आणखी 1,500 भरले, आणि ठरवलं की हे संपले की बंद. त्यानंतर खेळ बदलला तो पॅक करायला, म्हणजे पानं टाकून द्यायला, शिकल्यामुळे. (तिकडे त्याला फोल्ड म्हणतात, माझ्या तोंडात पॅकच बसलंय.) लवकर बोलायची जागा असेल तर फक्त मोठ्या जोड्या आणि एक्का-राजा, एक्का-राणी असलं काही. बटणावर असेन तर थोडं सैल, कारण फ्लॉपनंतर, म्हणजे मधली पहिली तीन पानं उघडल्यावर, तिथून शेवटी बोलायला मिळतं आणि बाकीच्यांनी काय केलं ते आधी दिसतं. हे जागेचं महत्त्व तीन पत्तीत मला कधी जाणवलं नव्हतं. इथे तीच दोन पानं एका खुर्चीवर टाकायची आणि दुसऱ्या खुर्चीवर खेळायची असतात. जूनपर्यंत माझा आकडा 24 वर आला.

गणित लागतं, पण पाढ्यांपुरतंच. समजा हातात दोन बदाम, मध्ये चार पानं उघडलीत आणि त्यात आणखी दोन बदाम. उरले नऊ. एकच पान यायचं असेल तर नऊ दुणे अठरा, जवळपास तेवढे टक्के. नेमकं सांगायचं तर 19.6. आता पॉटमध्ये 80 आहेत आणि समोरच्याने 40 टाकले. मला 40 घालून 160 चा पॉट मिळणार, म्हणजे चारात एकदा तरी जिंकायला हवं. माझा बदाम येणार पाचात एकदा. पॅक. पहिल्या तीन महिन्यांत मी अशा जागी दरवेळी पैसे घातले, ‘आता तर येणारच’ म्हणून.

‘अ‍ॅप फिक्स आहे’ असं म्हणणारे टेबलावरच्या चॅटमध्ये रोज भेटायचे. मलाही संशय होता, म्हणून पाच हजार हात वहीत मोजले. एक्क्यांची जोडी 221 हातांत सरासरी एकदा येते. पाच हजारांत साधारण 22-23 वेळा यायला हवी, मला आली 21 वेळा. फिक्स वाटतं त्याचं कारण वेग. पडवीत रात्रभरात जेवढे डाव होतात, तेवढे इथे तासाभरात, त्यामुळे वर्षभराची नशिबाची थप्पड एका आठवड्यात खाऊन होते.

खरी तक्रार वेगळीच आहे. पॉटमधून अ‍ॅप आपला वाटा कापायचं, त्याला रेक म्हणतात. माझ्या टेबलावर तो पाच टक्के होता. महिन्याला किती गेला, हे मात्र कुठेच दिसायचं नाही. जानेवारीचे सगळे हात उघडून मी एकेक जोडला तेव्हा 310 रुपये निघाले. ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, म्हणजे पाचशे भरले की 109 करात. अ‍ॅप तेवढाच ‘बोनस’ टाकायचं, त्यामुळे काही गेल्यासारखं वाटायचंच नाही. तो बोनस खेळता यायचा, काढता यायचा नाही. रात्री साडेअकराला ‘तुमचा बोनस उद्या संपतोय’ असा मेसेज यायचा. मुलगी झोपली की मी फोन उचलायची, ती वेळ त्यांना बरोबर माहीत होती.

मे महिन्यात नणंदेकडे हैदराबादला निघालो होतो. सकाळी गाडीने कर्नाटकातलं वाडी स्टेशन सोडलं तोवर खेळ चालू होता, हातात राण्यांची जोडी. मध्ये नेटवर्क गेलं आणि तेलंगणातल्या तांडूरच्या आसपास परत आलं तर टेबल उघडेचना: तुमच्या ठिकाणी हा खेळ उपलब्ध नाही. तेलंगणात 2017 पासून पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी आहे, हे मला रेल्वेच्या वरच्या बर्थवर कळलं. राण्या गेल्या. नवरा खालून म्हणाला, बरं झालं, आता चहा घे.

तेलंगणाची गोष्ट पुढे देशभराची झाली. 22 ऑगस्ट 2025 ला ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, पोकर आणि रमीसकट, बंद. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वादच त्यात ठेवलेला नाही. शिक्षा खेळणाऱ्याला नाही. चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला आहे. त्यानंतर ‘एजंटकडून चिप्स घ्या’ म्हणणारे खासगी ग्रुप मलाही दिसले. तिकडे फिरकू नका. पैसे अडकले तर मागायचे कोणाकडे?

आता शिकायचं असेल तर फुकटच्या चिप्सची टेबलं उरलीत. हातांचा क्रम, बटण, कोणाची पाळी कधी, एवढ्यासाठी ती उत्तम. आठवडाभरात हात बसतो. त्यापुढे उपयोग शून्य, कारण जिथे काही जात नाही तिथे पॅक कोणीच करत नाही. प्रत्येक हाताला चौघं सगळ्या चिप्स पुढे सारतात. त्यापेक्षा पत्त्यांचा एक कॅट आणा आणि घरच्यांना बसवा.

आम्ही तेच केलं. गणपतीला गावी गेलो तेव्हा चिप्स म्हणून चिंचोके घेतले, प्रत्येकी शंभर. चुलतभावांना मी दोन दिवसांत होल्डेम शिकवलं. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, ते एकही हात सोडत नाहीत. ‘बघू तर,’ म्हणतात आणि सत्ती-दुर्रीवर दोन जोड्या लावून माझे एक्के मारतात. मी सारखी पॅक करते म्हणून सगळे हसतात. तिसऱ्या रात्री माझा ढीग सगळ्यात मोठा होता, तेवढ्यात फोन वाजला: बँकेत 1,880 जमा.

अ‍ॅपमध्ये होते 2,060. मधले 180 टीडीएसचे. 31 मार्चला शिल्लक 1,460 होती. नव्या आर्थिक वर्षात एक रुपयाही न भरता काढले 2,060, म्हणजे निव्वळ जिंकलेले 600, त्यावर 30 टक्के. त्याआधी बुडवलेले चार हजार जुन्या वर्षातले, ते कोणी विचारत नाही. दुसऱ्यांची विवरणपत्रं भरताना हा नियम मी शंभरदा वाचलाय, पण स्वतःवर आला तेव्हा फोनकडे बघतच राहिले.

‘काय गो, कसले पैसे आले?’ काकांनी विचारलं.

‘पोकरचे.’

‘जिंकलीस की हरलीस?’

‘सरकारच्या हिशोबात जिंकले.’

‘मग वाट पानं,’ काका म्हणाले, आणि पानं हातात यायच्या आधीच चार चिंचोके पुढे सरकवले.