वयात येणाऱ्या मुलासाठी 'शाळा' की 'वनवास'?

नववीतल्या, हल्ली घुम्या झालेल्या भाच्याला या दोन पुस्तकांतलं कोणतं द्यावं, असं एका मैत्रिणीनं विचारलं. दोन्हींत मुलगाच 'मी' म्हणून बोलतो. मी तीनच गोष्टी पाहिल्या.

पहिली, हळवेपणा. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'तला नववीतला मुकुंद टोळक्यात टगेगिरी करतो आणि शिरोडकर या मुलीबद्दलचं खरं वाटणं आत दाबतो. सगळं मोकळेपणानं बोलावं असा त्याला एक नरूमामा आहे. मुलगे एकमेकांसमोर किती सोंग घेतात, हे या कादंबरीइतकं नेमकं मराठीत क्वचितच आलंय. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास' या कथासंग्रहातला लंपन वयानं लहान. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा. त्याला मुखवटा जमतच नाही. आठवण आली की पोटात कालवतं, आणि ते तो आपल्याला तसंच सांगतो. मला हे जास्त धीट वाटतं.

दुसरी, स्वतःला स्वीकारणं. इथे 'वनवास' पुढे आहे. आपण जरा वेगळे आहोत, हे लंपनला ठाऊक असतं आणि त्याची त्याला लाज नसते. मुकुंद तिथवर पोचायला धडपडतो.

तिसरी, वाचायला किती सोपं. 'शाळा' सोपी, एका दमात ओढून नेणारी. आणीबाणीचा संदर्भ तेवढा आधी सांगावा. 'वनवास'मधल्या कथा सुट्या वाचता येतात, पण सीमाभागातली बोली रुळायला वेळ घेते.

मित्रांत राहूनही गप्प झालेल्या मुलाला 'शाळा' द्या. घरापासून दूर असलेल्या किंवा एकट्यानं रमणाऱ्या मुलाला 'वनवास'. या भाच्यासाठी मी 'शाळा'च सुचवली.