पंच ईव्हीचं चार्जिंग : सांगलीतलं, माहेरचं आणि रस्त्यावरचं

इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का, असं कुणी विचारलं की मी आधी एकच विचारते. गाडी जिथे उभी राहते तिथे तुमच्या स्वतःच्या मीटरवरून पॉवर पॉइंट येतो का? येत असेल तर खुशाल घ्या. येत नसेल तर आधी तो आणा, शोरूम कुठे पळून जात नाही. रेंजची, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती धावते याची, चर्चा सगळे करतात, वायरिंगची कुणी करत नाही, आणि गाडीचं सुख-दुःख सगळं त्या वायरिंगवर आहे.

आमच्याकडे टाटाची पंच ईव्ही आहे, ३५ युनिट बॅटरीची, लाँग रेंज. २०२४ मध्ये गाडी बाजारात आली तेव्हा चाचणीतला अधिकृत आकडा ४२१ किलोमीटरचा होता. मी महामार्गावर ऐंशीच्या आसपास ठेवते, एसी चालू असतो, आणि मला अडीचशे मिळतात. मला तेवढे पुरतात. गाडीच्या बाकी गुणांवर भरपूर लिहून झालंय, म्हणून मी चार्जिंगपुरतंच लिहिते.

घरी मी भिंतीवरचा मोठा चार्जर बसवला नाही. पंधरा अँपिअरच्या साध्या पॉइंटवर चालणारी केबल वापरते. तासाला तीनेक युनिटं आत जातात. तीस टक्क्यांवर रात्री दहाला लावली की सकाळी साडेसहा-सातला भरलेली असते. चार्जिंगचं तोंड पुढे, बोनेटच्या नाकावर आहे. गाडी सरळ आत घातली की केबल समोरच पोचते, हे रोजच्या वापरात फार सोयीचं पडतं.

पण त्या एका पॉइंटसाठी आम्ही मीटरपासून वेगळी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली. जास्त भार आला की वीज तोडणारा एमसीबी वेगळा, गळती झाली की तोडणारा आरसीसीबी वेगळा, सॉकेट चांगल्यातला. गीझर दहा-पंधरा मिनिटं चालून बंद होतो. गाडी मात्र चौदा अँपिअर सलग आठ तास ओढत राहते. जुनं ढिलं सॉकेट अशा वेळी आतून वितळतं. पहिल्या आठवड्यात तासाभराने प्लगला हात लावून बघायची सवय ठेवा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर ताबडतोब बंद करा आणि वायरमनला बोलवा.

बिलाचं सांगते. महिन्याला नऊशे किलोमीटर होतात. युनिटला सात किलोमीटर धरा, चार्ज होताना दहा-बारा टक्के वाया जातात, म्हणजे मीटरवर १४५ युनिटांच्या आसपास. आमचा घरचा वापर दोनशेचा. त्यामुळे तीनशेचा टप्पा ओलांडला जातो आणि वरची युनिटं महाग पडतात. तरी गाडीचा खर्च दोन हजारांच्या आत-बाहेर. आधीच्या पेट्रोल गाडीला एवढ्या अंतराला साठ लिटर लागायचे! ज्यांचं फिरणं याच्या दुप्पट आहे त्यांनी महावितरणकडे ईव्हीसाठी वेगळा मीटर मागावा. त्याचा दर वेगळा असतो, टप्प्यांची भानगड नाही.

आता माहेर. रत्नागिरीच्या अलीकडे, सांगलीहून पावणेदोनशे किलोमीटरवर. जाताना एका दमात पोचते. आंबा घाट उतरताना स्टिअरिंगमागच्या पॅडलने रिजेन (वेग कमी होताना बॅटरीत वीज परत भरणारी सोय) तीनवर टाकायचं, ब्रेकला जवळजवळ पाय लावावा लागत नाही आणि साखरप्याला पोचेपर्यंत टक्के उलट वाढलेले असतात. हे पहिल्यांदा बघताना फार मजा वाटते. पण परतीचं गणित आधीच मांडून ठेवावं. दीड टनाची गाडी पाचशे मीटर उंच चढवायला निव्वळ चढाचीच दोन युनिटं लागतात, रस्ता कापायला लागतात ती वेगळी. म्हणून माहेरहून निघताना बॅटरी पूर्ण भरलेली हवी, आणि ती भरायची तर माहेरच्या घरी.

तिथे केबल लावली तर लाल दिवा. ओटीवर लावली, पडवीत लावली, मागच्या खोलीत लावली, लालच. दादा म्हणाला, "अगं, मिक्सर चालतो, पंप चालतो, तुझ्या गाडीलाच काय झालं?" झालं होतं एवढंच, की घराला अर्थिंगच, म्हणजे गळणारी वीज जमिनीत उतरवणारी जोडणीच, धड नव्हती. मिक्सर अर्थिंगचं विचारत नाही. गाडीचा चार्जर आधी अर्थ तपासतो, आणि तो मिळाला नाही तर वीज आतच घेत नाही. बरंच करतो. पावसात ओल्या अंगणात उभं राहून धातूच्या गाडीला हात लावायचा असतो आपल्याला.

वायरमन आला. पहार घेऊन जमीन बघितली आणि म्हणाला, "ताई, हा जांभा आहे. यात पाणी टिकत नाही, पट्टी नुसती पुरून काही होणार नाही." मग विहिरीच्या बाजूला, जिथे माती खोल आहे आणि सांडपाण्याने ओल राहते, तिथे खड्डा घेतला. तांब्याची प्लेट, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला पाइपचं तोंड. तिथून घरापर्यंत जाड पट्टी. संध्याकाळी केबल लावली आणि हिरवा दिवा लागला तेव्हा वहिनीने आतून मुलांना हाक मारून दाखवलं. वैशाखात त्या पाइपात दोन बादल्या पाणी ओतावं लागतं, ते दादा आठवणीने ओततो. या कामाने घरातल्या फ्रिज-पंपांनाही संरक्षण मिळालं, जे इतकी वर्षं नव्हतं. कोकणात घर असलेल्या प्रत्येकाने, ईव्ही घ्या न घ्या, अर्थिंग एकदा तपासून घ्यावंच.

रस्त्यावरच्या चार्जिंगला मात्र मी निम्मेच गुण देईन. पुण्याला जायचं तर वाटेत सातारा-कऱ्हाडच्या पट्ट्यात एकदा थांबावं लागतं. हॉटेलांच्या आवारात चार्जर आता बरेच दिसतात. चांगला चालू चार्जर मिळाला तर दहावरून ऐंशी टक्के व्हायला तासभर, म्हणजे मिसळ, चहा आणि पाय मोकळे करणं. ऐंशीच्या पुढे वेग पडतो, तेव्हा गन (चार्जरच्या केबलचं गाडीत खुपसायचं तोंड) काढून निघावं, मागचा खोळंबलेला असतो. शंभर टक्के होऊनही गाडी तिथेच ठेवून जेवायला बसणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. चार्जरसमोर पेट्रोलची गाडी लावून जाणाऱ्यांचा तर त्याहून.

साठ किलोवॅट लिहिलेल्या मशीनला दोन गन असतील तर शेजारी दुसरी गाडी लागताच पुष्कळ ठिकाणी वीज वाटली जाते. तासाचे दीड तास तिथे होतात. दर घरच्या दीड-दोनपट, वर अठरा टक्के जीएसटी. तेही मी देईन, तक्रार पैशांची नाही. एका चार्जरवर ॲपमध्ये "उपलब्ध" दिसत होतं आणि प्रत्यक्षात पडदा काळा. हेल्पलाइनवाला मशीन दुरून रीस्टार्ट करत राहिला, आई गाडीत बसून होती, आणि आवारात ना दिवा ना छप्पर. बाईमाणसाला रात्री तिथे उभं राहायला लावणारी जागा चार्जिंग स्टेशन म्हणायच्या लायकीची नाही. स्वच्छतागृह, उजेड आणि दिसेल असा एक माणूस, एवढं पेट्रोल पंपावर मिळतं, ते इथेही मिळायलाच हवं.

तोवर मी असं करते : बॅटरी तीस टक्क्यांच्या खाली जाऊ न देता थांबते, पुढचा चार्जर बंद निघाला तर त्याच्या पुढच्यापर्यंत पोचता येईल एवढं शिल्लक ठेवते, आणि निघण्याआधी त्या हॉटेलला फोन करून मशीन चालू आहे का ते विचारते. दोन चार्जिंग कंपन्यांच्या ॲपमधली वॉलेट पैशांनी भरलेली असतात. ज्यांचं आरएफआयडी कार्ड (मशीनला टेकवलं की चार्जिंग सुरू करणारं) मिळतं त्यांचं मागवून डॅशबोर्डमध्ये ठेवा, कारण घाटाच्या आसपास मोबाइलला रेंज नसली की ओटीपी येत नाही आणि गन हातात धरून उभं राहावं लागतं.