पाण्याची ‘मोफत तपासणी’ आणि आईचे साडेअठरा हजार

दुपारी घरात म्हातारी माणसं एकटीच असतात, हे घरोघरी पाण्याचे फिल्टर विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. आमच्याकडे पुण्यात धायरीला तेच झालं. एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात बॅग. "काकू, सोसायटीच्या पाण्याची तपासणी चालू आहे, मोफत आहे." आईला तो महापालिकेचा माणूस वाटला आणि त्यानेही तो समज दूर केला नाही.

ओट्यावर दोन ग्लास मांडले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणाऱ्या उपकरणाने, नळाचं पाणी ३१० दाखवलं, बाटलीतलं २८. "बघा, किती जड पाणी पिताय!" मग विजेवर चालणारं, चार काड्यांचं यंत्र दोन्ही ग्लासांत सोडलं. बघता बघता नळाचं पाणी हिरवट झालं, मग तपकिरी, वर गाळाचा थर. बाटलीतलं तसंच नितळ. "हेच रोज पोटात जातं. मुतखडा यानेच होतो." बाबांचं मुतखड्याचं ऑपरेशन झालंय. आई हादरली, फिल्टरसाठी साडेअठरा हजार देऊन मोकळी झाली.

फिल्टर बसवायला तोच आला तेव्हा वहिनी घरी होती. तिने त्याच्याच फिल्टरचं पाणी ग्लासात घेतलं, चिमूटभर मीठ विरघळवलं आणि म्हणाली, "आता यात लावा यंत्र." पाणी तसंच तपकिरी झालं! "मीठ घातल्यावर होणारच," तो म्हणाला. "मीठ तर पांढरं होतं, मग हा गाळ कुठला?" यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

तो गाळ काडीचा असतो. काड्यांपैकी काही लोखंडाच्या असतात. वीज सोडली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज तरंगतो. बाटलीतल्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे त्यातून वीज फारशी वाहत नाही आणि काहीच घडत नाही.

टीडीएस मीटरही जडपणा, म्हणजे पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, वेगळा मोजत नाही. पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून तो एकूण क्षारांचा अंदाज देतो; ते मीठ आहे की कॅल्शियम, हे त्याला कळत नाही. शिवाय पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० नुसार टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरं पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालतो. आम्ही नंतर प्रयोगशाळेत नमुना दिला. तिथे थेंब थेंब द्रावण सोडत लालसर पाणी निळं होईपर्यंत मोजतात. आकडा आला २२०. म्हणजे पाणी थोडं जड आहेच. उन्हाळ्यात टँकरचं पाणी मिसळतं, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस कमी येतो. पण निव्वळ जडपणाने तब्येत बिघडते असा ठोस पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्यासाठी आरोग्याची मर्यादा ठरवलेली नाही. म्हाताऱ्या बाईला नवऱ्याच्या दुखण्याची भीती घालून पैसे काढणं, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

पैसे अजून मिळालेले नाहीत. पावतीवर जीएसटी क्रमांक नाही, फोन बंद. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे.

आता शेजारच्या विंगमध्ये दुसरी टोळी फिरतेय. हे लोक पाण्यात कसल्या तरी रसायनाचे थेंब टाकतात, पाणी पिवळं झालं की ‘विष’ म्हणतात. तो रंग पाण्यातल्या क्लोरीनमुळे येतो, आणि जंतू मारण्यासाठी नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असायलाच हवं.