वजनाचा ताळेबंद दाखवणारे गुऱ्हाळघर

हंगामात कोल्हापूरच्या आसपास कोणत्याही गुऱ्हाळघरावर गेले तरी पाहुण्याला ताजा रस, कोमट गूळ आणि निघताना काकवीची बाटली मिळते. करवीर तालुक्यात पन्हाळा रस्त्यापासून थोडे आत असलेल्या या गुऱ्हाळघरात त्याखेरीज आणखी एक गोष्ट मिळते, आणि विज्ञान शिकवणारा शिक्षक म्हणून मला तिचेच मोल अधिक वाटते. प्रत्येक आदणाला, म्हणजे काहिलीत एका वेळी शिजणाऱ्या रसाला, चरकात किती ऊस गेला, रस किती निघाला, उकळताना वर येणारी मळी किती काढली आणि शेवटी गूळ किती उतरला, हे सारे चुलवाणाजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलेले असते आणि ते कोणीही उतरवून घेऊ शकते. नववीच्या मुलांना द्रव्य अक्षय्यतेचा नियम, म्हणजे बदलापूर्वीचे आणि नंतरचे एकूण वजन सारखेच राहते हे, शिकवायचे होते, म्हणून त्यांना घेऊन येथे आलो. गूळ तर घेतलाच.

फळ्यावरचे आकडे शंभर किलो उसाच्या प्रमाणात मांडले, तर साधारण ६० किलो रस आणि ४० किलो ओले चिपाड असा पहिला हिशेब होतो. ऊस पिळणे हा भौतिक बदल असल्याने ही बेरीज मुलांना सहज पटते. काहिलीतला हिशेब मात्र त्यांना अडवतो, कारण ६० किलो रसातून हाती येतो जेमतेम १२ किलो गूळ आणि दोनएक किलो ओली मळी. उरलेले ४६ किलो कुठे गेले, याचे उत्तर डोळ्यांसमोर छपराकडे चढत असते, तरीही ‘आटले’ म्हणजे ‘संपले’ ही समजूत सहजासहजी सुटत नाही. येथील गुळव्यांनी त्यावर केलेली सोय मला फार आवडली. बाजूच्या शेगडीवर छोट्या पातेल्यात रस उकळत ठेवतात आणि वर थंड पाण्याने भरलेली परात धरतात. परातीच्या बुडाशी जमलेले थेंब वाटीत गोळा करून मुलांना चाखायला देतात. ते पाणी गोड नसते. साखर खालीच राहिली आणि पाणी तेवढे निघून गेले, हे त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

चुलवाणापाशी अधिक वेळ थांबावे, असे मी प्रत्येक शिक्षकाला सुचवेन. वाळलेले चिपाड आत जाते आणि मूठभर राख उरते, त्यामुळे जळताना वजन नाहीसे होते असेच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंचे वजन आत घातलेल्या जळणापेक्षा जास्त असते. चिपाडातील मुख्य घटक सेल्युलोज. त्याचा एक किलो पूर्ण जळायला हवेतला सुमारे १.१९ किलो ऑक्सिजन लागतो आणि त्यातून सुमारे १.६३ किलो कार्बन डायऑक्साइड व ०.५६ किलो पाण्याची वाफ तयार होते. दोन्ही बाजूंची बेरीज २.१९ किलोच भरते. हवेलाही वजन असते आणि तीही या व्यवहारात सामील असते, हे ध्यानात आले नाही तर रासायनिक बदलाचा कोणताही हिशेब जुळत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लव्हाझिए यांनी १७८९ साली हा नियम स्पष्ट शब्दांत मांडला तो साखरेच्या किण्वनाचा विचार करताना: साखर, पाणी आणि यीस्ट किती घातले, मद्यार्क आणि वायू किती निघाले, याची वजने ताडून. साखरेच्याच एका कारखानदारीत उभे राहून हे सांगता येते, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

ग्राहकाच्या दृष्टीने या फळ्याचा उपयोग आणखी मोठा आहे. गुळात साखर मिसळण्याची तक्रार आपल्या भागात नवी नाही, आणि रंगावरून किंवा चवीवरून ती भेसळ ओळखणे जाणकारालाही कठीण जाते. येथे रसाचा ब्रिक्स, म्हणजे रसाच्या वजनात विरघळलेल्या घन पदार्थांचे (मुख्यतः साखरेचे) शेकडा प्रमाण, मोजून तो फळ्यावर लिहितात. तो २० असेल, तर ६० किलो रसात विरघळलेला घन पदार्थ १२ किलो असतो. गुळात सहा टक्के ओलावा धरला तरी १२.८ किलोंपेक्षा जास्त गूळ त्यातून उतरूच शकत नाही, आणि मळीबरोबर जाणारा भाग वजा केला तर त्याहून कमीच उतरतो. रस साफ होण्यासाठी त्यात घातलेला चुना आणि भेंडीचा चिकट रस यांनी या आकड्यात फारसा फरक पडत नाही. कोणी तेवढ्याच रसातून पंधरा किलो गूळ काढून दाखवला, तर वरचे दोन किलोंहून अधिक वजन बाहेरून आले, हे निश्चित. काय मिसळले ते या कसोटीने कळत नाही, पण मिसळले एवढे नक्की कळते. या गुऱ्हाळघराचे मी तपासलेले आकडे मर्यादेत बसतात, म्हणून येथील गूळ मी विश्वासाने घेतो.

एक उणीव मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. फळ्यावर ऊस, मळी आणि गूळ किलोत असतात, रस मात्र लिटरमध्ये. वीस ब्रिक्सच्या एक लिटर रसाचे वजन सुमारे १.०८ किलो असते, म्हणजे ६० किलो रस साडेपंचावन्न लिटरच भरतो, आणि लिटरला किलो समजून बेरीज करणाऱ्याला साडेचार किलो नाहीसे झाल्यासारखे दिसतात. एवढा चोख हिशेब ठेवणाऱ्यांनी रसाचेही वजनच लिहावे, असे मी मालकांना सुचवले आहे. चिपाडाचे वजन फळ्यावर नसतेच. ते मागून घ्यावे लागते. शिवाय काहिलीभोवती कठडा नाही. घट्ट गुळाचा पाक उतरवताना ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, त्यामुळे मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी त्यांना दूर उभे करावे आणि सोबत पुरेशी मोठी माणसे न्यावीत.

गुळाचा दर शाहूपुरीच्या बाजारपेठेपेक्षा किलोमागे थोडा अधिक आहे. काकवी उत्तम, फार दाट नाही. एका आदणाला अडीच-तीन तास लागतात आणि पहिल्या वजनापासून शेवटच्या वजनापर्यंत थांबल्याशिवाय ताळेबंद पुरा होत नाही, म्हणून सकाळी चरक सुरू होण्यापूर्वी पोहोचावे आणि शाळेची सहल असल्यास आदल्या दिवशी फोन करून कळवावे.