‘आयटीतून बोलतोय, तुमचं व्हीपीएन तपासायचंय’

फोन साधारण दुपारी येतो. बोलणारा तुमचं नाव, विभाग, कधीकधी साहेबांचंही नाव घेतो. ‘तुमच्या व्हीपीएनची तक्रार आमच्याकडे आली आहे, दोन मिनिटांत नीट करून देतो, लिंक पाठवलीय ती उघडा.’ घरून काम करणाऱ्याचं व्हीपीएन, म्हणजे घरच्या इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारी सोय, अधूनमधून अडकतंच, त्यामुळे तक्रार आपण केली होती की नाही, याचा विचारही मनात येत नाही. या फसवणुकीचा सगळा डाव इथेच बसतो.

जुलै 2020 मध्ये ट्विटर याच डावात सापडलं. न्यूयॉर्कच्या वित्तीय सेवा विभागाच्या चौकशी अहवालात तो क्रम नोंदलेला आहे. 14 जुलैला कर्मचाऱ्यांना फोन गेले. बोलणारे स्वतःला आयटी हेल्पडेस्कचे म्हणवत होते. खऱ्या व्हीपीएनच्या पानासारखं हुबेहूब पान त्यांनी आधीच तयार ठेवलं होतं. कर्मचारी तिथे युजरनेम-पासवर्ड टाकत असतानाच हे लोक तीच माहिती खऱ्या साइटवर भरत होते. त्यामुळे खऱ्या सिस्टीमकडून कर्मचाऱ्याच्या फोनवर मंजुरीची सूचना गेली आणि काहींनी ती मंजूर केली. सुरुवातीला ज्याचं खातं हाती लागलं, त्याला खाती हाताळायच्या टूल्सपर्यंत पोच नव्हती. तरी त्या खात्यातून आतली पानं वाचून चोरांनी ती पोच कोणाकडे आहे हे शोधलं आणि पुढचे फोन त्यांना केले. 15 जुलैला ओबामा, बायडेन, बिल गेट्स, ॲपल यांच्या खात्यांवरून बिटकॉइन पाठवायचं आवाहन झालं. एकूण 130 खाती लक्ष्य झाली, 45 खात्यांवरून ट्वीट गेले आणि 1 लाख 18 हजार डॉलरहून जास्त किमतीचं बिटकॉइन लोकांकडून लुबाडलं गेलं. मुख्य आरोपी फ्लोरिडातला 17 वर्षांचा मुलगा होता.

म्हणजे पासवर्डनंतरचा दुसरा टप्पा, ओटीपी किंवा ॲपवरची मंजुरी, तिथे होताच. तरी तो उपयोगी पडला नाही, याचं कारण समजून घ्या. ॲपमधला सहा आकडी कोड साधारण 30 सेकंदांनी बदलतो, पण चोर तो साठवून ठेवत नाही, त्याच क्षणी पुढे वापरतो. फोनवर येणाऱ्या मंजुरीच्या (पुश) सूचनेत लॉगिनच्या पानावर दिसणारी दोन आकडी संख्या टाकायची सोय आली, ती रात्री-बेरात्री सूचनांचा भडिमार करून कंटाळून ‘अप्रूव्ह’ दाबायला लावणाऱ्यांना रोखण्यासाठी चांगली आहे. इथे मात्र चोर फोनवरच असतो. ‘आता 47 टाका’ म्हणून तोच सांगतो.

या डावाला खरा अटकाव करते ती फिडो2 मानकाची सिक्युरिटी की (लॉगिनसाठी वापरायचं छोटं उपकरण) किंवा पासकी (फोन-संगणकात साठवलेली तशीच की). ती नोंदवताना ज्या डोमेनशी, म्हणजे साइटच्या मूळ नावाशी, बांधली जाते, त्याच डोमेनला उत्तर देते. पान कितीही हुबेहूब असो, पत्ता वेगळा असेल तर की सहीच करत नाही, आणि फोनवर वाचून दाखवण्यासारखं माणसाच्या हातात काही राहत नाही. मात्र कीबरोबर ‘एसएमएसने लॉगिन करा’ हा पर्याय चालू ठेवलात तर चोर तोच निवडायला लावेल. तो बंदच करा.

पत्ता तपासायचा तर कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका, ते खोट्या साइटलाही सहज मिळतं. ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिच्या लगेच डावीकडचं नाव वाचा. कंपनीच्या नावाला आडवी रेघ जोडून ‘व्हीपीएन’ किंवा ‘हेल्पडेस्क’ लिहिलेलं असेल तर ते वेगळं डोमेन आहे, कोणीही विकत घेऊ शकतं. आणि फोन ठेवून, कंपनीच्या डिरेक्टरीतल्या नंबरवर आपण उलट फोन करायचा. खरा हेल्पडेस्कवाला यावर कधीच चिडणार नाही.

हेल्पडेस्कलाही हेच उलट्या बाजूने लागू आहे. ‘फोन हरवला, नवीन मोबाइलवर ऑथेंटिकेटर (कोड किंवा मंजुरीचं ॲप) लावून द्या’ अशी विनंती आली की एचआरच्या नोंदीतल्या नंबरवर फोन करा, मॅनेजरची खात्री घ्या, शक्य असेल तर व्हिडिओवर ओळखपत्र बघा. जन्मतारीख आणि कर्मचारी क्रमांक विचारून रीसेट करून देणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. दोन्ही गोष्टी बाहेर सहज मिळतात.

कोणी माहिती देऊन बसलंच, तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, आणि बहुतेक ठिकाणी इथेच चूक होते. आधी खातं बंद करा. मग चालू असलेली सगळी सेशन, म्हणजे आधीच झालेली लॉगिन, तोडा. व्हीपीएन गेटवेवरचं (ज्या सर्व्हरवर व्हीपीएन जोडलं जातं तिथलं) सेशन वेगळं तोडावं लागतं, कारण खातं बंद केल्यावरही ते अनेकदा तासन् तास जिवंत राहतं. नंतर त्या खात्यावर नोंदलेली ऑथेंटिकेटर उपकरणं बघा: लॉगिननंतर काही मिनिटांतच नवीन मोबाइल जोडलेला दिसला तर तो चोराचा समजा आणि काढा. मेलबॉक्समधले फॉरवर्डिंगचे (मेल आपोआप दुसरीकडे पाठवायचे) नियमही तपासा. एवढं झाल्यावरच नवा पासवर्ड द्या. लॉग, म्हणजे सिस्टीममधल्या हालचालींच्या नोंदी, पुसले जाण्याआधी वेगळे काढून ठेवा; सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार ते 180 दिवस ठेवायचे असतात आणि अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत तिला कळवायची असते. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

व्हीपीएन लागलं की अख्खं नेटवर्क खुलं, अशी रचना अजून कितीतरी कार्यालयांत आहे. बाहेरच्या कंत्राटदाराला ज्या एका सर्व्हरवर काम करायचंय, तेवढाच त्याला दिसला पाहिजे. सोडून गेलेल्यांची खाती त्याच दिवशी बंद झाली पाहिजेत. 2021 मध्ये कोलोनियल पाइपलाइन या अमेरिकी इंधनवाहिनी कंपनीत चोर शिरले ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून, आणि त्याला दुसरा टप्पा नव्हता.

सिक्युरिटी की घेताना माणशी दोन घ्या आणि दोन्ही एकाच दिवशी नोंदवा. एक रोजच्या वापराला, दुसरी कुलपात. एकच दिली आणि ती हरवली, तर कर्मचाऱ्याला हेल्पडेस्ककडून रीसेटच मागावं लागतं, आणि तीच वाट चोरही वापरतात.