टू-डी इको उत्तम, रिपोर्ट अर्धवट (विश्रामबाग, सांगली)

विश्रामबागच्या या सेंटरमध्ये इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, घाईत उरकत नाहीत. पेशंटला डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली घेऊन झोपवतात. छातीला ईसीजीच्या वायरी लावूनच प्रोब ठेवतात. ही मोठी जमेची बाजू. भिंतीची जाडी हृदय पूर्ण भरलेलं असतानाच मोजायची असते आणि तो क्षण ईसीजीवर नेमका धरता येतो. उपाशी जायची गरज नाही, बीपीची गोळी रोजच्या वेळी घ्यावी.

तक्रार आहे ती रिपोर्टबद्दल. शेवटी 'कन्सेन्ट्रिक एलव्हीएच' (डाव्या खालच्या कप्प्याचा स्नायू सगळीकडून जाड झालेला) असं छापून मिळतं, पण उंची, वजन आणि त्या वेळचं बीपी, तिन्ही रकाने कोरे. मग हा निष्कर्ष ताडून कशावर बघायचा?

मुख्य आकडे तीन. आयव्हीएस म्हणजे मधला पडदा, पीडब्ल्यू म्हणजे मागची भिंत आणि एलव्हीआयडी म्हणजे डाव्या खालच्या कप्प्याची आतली रुंदी. पडदा आणि भिंत पुरुषांत 6 ते 10 मिमी, बायकांत 6 ते 9. हृदय भरलेलं असतानाची रुंदी पुरुषांत साधारण 42 ते 58, बायकांत 38 ते 52.

समजा पुरुष 165 सेंमी उंच, वजन 63 किलो. पडदा आणि भिंत 12-12, रुंदी 48. या मापांवरून सूत्राने कप्प्याच्या स्नायूचं वजन येतं 219 ग्रॅम, शरीराच्या क्षेत्रफळाने भागून 129. पुरुषांची मर्यादा 115, बायकांची 95. म्हणजे स्नायू वाढलाय. आता तीच जाडी 11-11 धरा: 194 ग्रॅम, भागून 114. नॉर्मल! सूत्रात मापांचा घन होतो, म्हणून एका मिलिमीटरने निकाल फिरतो. आणि प्रोब जरा तिरका धरला किंवा पडद्याला चिकटलेला उजव्या बाजूचा स्नायू मापात आला, की तेवढी चूक सहज होते.

मागच्या भिंतीची दुप्पट भागिले रुंदी, हे गुणोत्तरही स्वतः काढून बघा. 24 भागिले 48 म्हणजे 0.50. वजन वाढलेलं आणि गुणोत्तर 0.42 च्या वर असेल तर ते कन्सेन्ट्रिक. कारण बहुधा जुनं बीपी किंवा अरुंद झालेला एऑर्टिक व्हॉल्व्ह. रुंदी 62 आणि भिंत 11 असेल तर 0.35. इथे कप्पा फुगलाय, स्नायूही वाढलाय. अशा वेळी व्हॉल्व्ह गळतोय का आणि ईएफ (दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं) किती, हे डॉक्टरांना आधी विचारा.

ईएफ 60 आहे म्हणून निर्धास्त राहू नये. जाड झालेलं हृदय जोरात आकसतं, पण सैल पडायला कुरकुरतं. त्यासाठी डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमान (शरीराच्या क्षेत्रफळाने भागून 34 मिलीच्या आत हवं) आणि ई बाय ई-प्राइम (कप्पा भरतानाच्या दाबाचा अंदाज देणारं गुणोत्तर; 14 च्या वर गेलं तर लक्ष द्या) बघावं. हे दोन्ही आकडे इथल्या रिपोर्टमध्ये व्यवस्थित असतात. जाडी 15 किंवा जास्त असून बीपी किंवा व्हॉल्व्हचं कारण सापडत नसेल, तर आईवडील, भावंडं आणि मुलांच्या तपासणीबद्दलही डॉक्टरांशी बोलावं लागतं.

जत, कवठेमहांकाळकडून येणाऱ्यांनी जुना रिपोर्ट बरोबर आणावा. आत जाण्याआधी काउंटरवर उंची, वजन, बीपी लिहून घ्यायला सांगा. सांगितलं की लिहितात.